टाइडवॉटर ग्लेशियरला मराठीत काय म्हणावं?

रानवाटा: अलास्कातल्या ग्लेशियर बेचा जुना नकाशा मराठीत आणतेय, प्रमाण १:६३,३६०. जमिनीवरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, म्हणजे कंटूर) तपकिरी, बर्फावरच्या निळ्या. अडलंय सोबतच्या टिपणातल्या ‘टाइडवॉटर ग्लेशियर’पाशी. जिचं टोक समुद्रात उतरतं आणि तुटून हिमनग होतात, ती. ‘सागरी हिमनदी’ लिहिलं तर समुद्रात वाहणारी वाटते.

साखळीवाला: १:६३,३६० म्हणजे आमचा एक इंची नकाशा! एका मैलात इंच तितकेच. आपल्याकडचे जुने शीट याच प्रमाणाचे. पण ‘समोच्च’ कशाला? आम्ही आयुष्यभर कंटूरच म्हटलं.

माळरान: पाणलोटाच्या कामात गावोगाव ‘सलग समतल चर’ म्हणतात, तो कंटूरच की. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द आहे. समतल रेषा म्हणा.

साखळीवाला: चर समतल असतो, कारण तो एकाच उंचीवरून जातो. डोंगरभर चढत गेलेल्या पन्नास रेषांना समतल म्हटलं तर वाचणारा पठार समजेल.

शब्दवेडा: मुळात ‘हिमनदी’च खटकतं. सिंधू, ब्रह्मपुत्र, शोण हे नद. एवढा प्रचंड प्रवाह स्त्रीलिंगी का? हिमनद म्हणा.

माळरान: शाळेत सगळे हिमनदीच शिकलो. आता लिंग बदलून कोणाचं भलं होणार? गढवालात तर ‘बामक’ म्हणतात, गंगोत्रीजवळ रक्तवर्ण बामक आहे. देशी शब्द हवा तर तो घ्या.

खाजण: ‘भरतीला भिडलेली हिमनदी’ चालेल? लांब आहे, पण खरं आहे. आणि इनलेटला, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याला, खाडी लिहू नका, कळकळीची विनंती. आमच्या खाडीत गाळ, तिवरं, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. तिथे बर्फानं कोरलेली दरी आणि शेकडो मीटर खोल पाणी.

रानवाटा: ‘भिडलेली’ आवडलं. पण १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूव्हरच्या माणसांना हा उपसागर जवळजवळ बर्फानंच भरलेला दिसला. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ तीस मैलांहून जास्त मागे गेला होता. १८९० मध्ये हिमनद्यांचा अभ्यासक रीड यानं इथल्या म्यूर हिमनदीची मोजणी केली, तेव्हा ती पाण्याला भिडलेली होती. आज ती समुद्रापर्यंत पोचतच नाही. मग टिपणात ‘भिडलेली’ लिहू की ‘भिडणारी’?

शब्दवेडा: आधी नद की नदी ते ठरवा. नद ठरला तर ‘भिडलेला’ होईल.

साखळीवाला: रक्तवर्ण बामक आमच्या शीटवरही तसाच छापलाय. आणि कंटूर कंटूरच राहू दे.