मदत हवी आहे: खानापूर, नंदगड, हलशी सायकलने, पण शांत रस्त्याने

सर्वांना सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर बेळगावहून दोन दिवसांची सायकल सफर करण्याचा आम्हा दोघा भावांचा विचार आहे. खानापूर, १८३१ साली इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना जिथे फाशी दिली गेली ते नंदगड, आणि कदंबांच्या काळातील भूवराह नरसिंह मंदिराची हलशी, एवढे निश्चित केले आहे. पुढे जांबोटीमार्गे मलप्रभेच्या उगमापर्यंत, म्हणजे कणकुंबीपर्यंत जावे असे मनात आहे, परंतु चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वर्दळीची धास्ती वाटते.

गेल्या खेपेस महामार्गाच्या कडेने जाताना उसाची ट्रॉली इतकी खेटून गेली की बाहेर आलेल्या वाड्याने (उसाच्या शेंड्याच्या पाल्याने) माझ्या कोपरावर ओरखडे उठले. म्हणून बेळगाव ते खानापूर हा टप्पा गावागावांतून, शेतांमधून पार करता येईल का, आणि हलशीहून नागरगाळीच्या जंगलाकडे जाणारा रस्ता २८ मिलिमीटरच्या टायरांना झेपेल का, की जांभ्याची खडी उखडलेली आहे, हे अलीकडे तिकडून गेलेल्यांनी कृपया सांगावे. हलशीत किंवा नंदगडात मुक्कामाची साधी सोय असल्यास तेही कळवावे. अंथरूण आम्ही बरोबर आणू.