मदत हवी आहे: रात्री सगळे एसी एकदम, लोड कमी कसा करायचा?

जुळे सोलापुरात १६ फ्लॅटची बिल्डिंग आहे. उन्हाळ्यात जेवणं उरकली की दहाच्या सुमारास सगळ्यांचे एसी एकदम सुरू. दिवे मंदावतात, लिफ्ट कुरकुरते, कधी फ्यूजच जातो. दीड टनी एसी दीडेक किलोवॅट ओढतो, हिशोब तुम्हीच करा. २०२० पासून स्टार लेबलवाल्या एसीचं डिफॉल्ट तापमान २४ अंश असतं, पण आमच्याकडे १८ च्या वर यायला कुणी तयार नाही! वरच्या मजल्याचा स्लॅब तर मध्यरात्रीपर्यंत धगधगतो. गच्चीला पांढरा कूल रूफ (ऊन परतवणारा) रंग कुणी मारलाय का, एका उन्हाळ्यात उडत नाही ना? आणि निम्म्या घरांनी आधी खोली गार करून दहानंतर २६ वर पंख्यासोबत चालवायचं, अशा पाळ्या कुठल्या सोसायटीत टिकल्यात? लोकांना कसं पटवलंत, ते आधी सांगा.