७ टेस्लाने नेमके काय साधते?
३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) एमआरआयवर भागत असताना ७ टेस्लाच्या यंत्राचा खर्च कशासाठी, एवढ्या प्रश्नापुरते लिहितो. पार्किन्सनच्या रुग्णांत लक्षणे कमी करण्यासाठी मेंदूत खोलवर असलेल्या ज्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या पेशीपुंजात सौम्य विद्युतप्रवाह देणारा इलेक्ट्रोड बसवतात, तो जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, तिरका, भिंगाच्या आकाराचा असून त्याला खेटून असलेल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या दुसऱ्या पेशीपुंजातही लोह भरपूर असल्याने नेहमीच्या प्रतिमेत अनेकदा दोन्ही मिळून एकच काळा डाग दिसतो. चुंबकीय क्षेत्र वाढले की लोहामुळे पडणारा फरक ठळक होतो, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे बारकावे टिपता येतात आणि दोहोंमधली सीमा उमटू लागते. मात्र डोके किंचितही हलले (आणि कंप असलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार!) तर हा फायदा पाण्यात जातो, कवटीच्या तळाशी, हवेच्या पोकळ्यांजवळ, प्रतिमा वेडीवाकडी होते ती वेगळीच.