पद्मिनीच्या तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी : हेड उतरवावे की पूर्ण इंजिन?

गिरगावकर_८६ :
माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी अनेक वर्षे सीएनजीवर चालते आणि पावसाळ्यात बराच काळ इमारतीखाली उभीच असते. अलीकडे इंजिन तापल्यावर आयडलिंगला एक सिलिंडर मिस होतो आणि कसारा घाट चढताना दुसऱ्या गिअरवर यावे लागते. प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि पॉइंट बदलूनही फरक पडला नाही. गरम इंजिनावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासले, तेव्हा १, २ आणि ४ क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये १२५ ते १३० पीएसआय आणि तिसऱ्यात फक्त ७० आले. मेकॅनिक इंजिन पूर्ण उतरवून बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून घेण्याचा सल्ला देत आहेत. टॅपेटचा (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधल्या फटीचा) आवाज अजिबात येत नसल्यामुळे व्हॉल्व्ह ठीक असावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

फीलरगेज :
बोअरिंगचा निर्णय इतक्यात घेऊ नका. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. मोजताना चारही प्लग काढलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असावा. आकडा बराच वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांमध्ये किंवा बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीत) आहे. जवळपास तेवढाच राहिला तर गळती वरच्या बाजूने, म्हणजे व्हॉल्व्हमधून होत आहे. हेड गॅसकेट (सिलिंडरवरचे झाकण असलेल्या हेडखालची सील) दोन सिलिंडरच्या मध्ये फुटले असते, तर सहसा शेजारच्या दोन्ही सिलिंडरचे आकडे पडले असते. तुमच्याकडे दुसरा आणि चौथा दोन्ही निरोगी आहेत.

आवाज नसणे हे व्हॉल्व्ह ठीक असल्याचे लक्षण मानणे मला धोक्याचे वाटते. सीएनजी कोरडा जळतो आणि शिसेयुक्त पेट्रोल तर देशात २००० सालीच बंद झाले. शिशाच्या ज्वलनातून सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कड्यावर) बसणारा जो पातळ थर जुन्या इंजिनांच्या सीटला झिजेपासून वाचवत असे, तो आता मिळत नाही. एक्झॉस्ट सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याची दांडी रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाच्या) दिशेने वर सरकते आणि टॅपेटचे अंतर वाढण्याऐवजी कमी होत जाते. मग इंजिन अधिकाधिक शांत वाटते, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच हेडकडे सोडतो, त्यामुळे टेकणे अपुरे राहिले की त्याची कड जळते.

वर्कशॉप_कुर्ला :
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र हेड उघडण्यापूर्वी हवेची चाचणी अवश्य करा. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दाबाच्या फेरीत सर्वात वर आणा. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ असल्यामुळे त्या वेळी दुसऱ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किंचित हलताना दिसतील, ही खूण पुरेशी आहे. गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा, नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली जाईल. मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून कान द्या. सायलेन्सरमधून सूं असा आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आला तर इनलेट आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर मात्र गॅसकेटचाच विचार करावा लागेल.

आवाज सायलेन्सरमधून येत असेल, तर हवा चालू असतानाच त्या व्हॉल्व्हच्या रॉकरचा स्क्रू पूर्ण सैल करा. आवाज थांबला तर टॅपेट फक्त घट्ट झाले होते आणि मॅन्युअलमध्ये ज्या अवस्थेसाठी अंतर दिले आहे त्याच अवस्थेत ते बसवले की बहुधा काम भागेल. थांबला नाही तर हेड उतरवण्याला पर्याय नाही. ॲल्युमिनियमचे हेड गरम असताना कधीही सोडवू नका, ते वाकते.

शिवडी_बंदर :
एक भर घालतो. समुद्राजवळच्या दमट हवेत गाडी महिनोन्महिने उभी राहिली, तर जो व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहतो त्याच्या सीटवर गंज धरतो. त्यामुळे दोष सीएनजीचाच असेल असे नाही.

गिरगावकर_८६ :
सर्वांचे आभार. ऑइल टाकूनही आकडा ७५ च्या पुढे गेला नाही. हवा सायलेन्सरमधून येत होती. रॉकर सैल केल्यावर आवाज कमी झाला, पण थांबला नाही. हेड उतरवले असता एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला जळून पडलेली खाच स्पष्ट दिसली. बोअरमध्ये ओरखडे नाहीत. आता एकच व्हॉल्व्ह बदलून लॅपिंग (पेस्टने घासून व्हॉल्व्ह आणि सीट जुळवणे) करावे की चारही एक्झॉस्ट सीट नव्या बसवाव्यात?

वर्कशॉप_कुर्ला :
हे अंदाजाने ठरवू नका. चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यांची हेडवरची उंची मोजा. चारही वर आलेल्या असतील तर सीएनजीसाठी कठीण धातूच्या चारही सीट एकदम बसवून घ्या, कारण उरलेल्या तिघांची वेळही फार दूर नसते. एकच वर आली असेल तर तेवढीच सीट पुरेशी आहे. व्हॉल्व्ह गाइडमध्ये (त्याची दांडी ज्या नळीतून सरकते तिच्यात) बाजूला हलत असेल तर गाइड आधी बदला आणि सीट नंतर कापा. सीटचा मध्य गाइडवरूनच धरला जातो, त्यामुळे हा क्रम उलटला तर मजुरी वाया जाते. लॅपिंग पेस्टने खोल खाच घालवण्याचा प्रयत्न करू नये, पेस्ट शेवटचा हात फिरवण्यापुरतीच असते. काम झाल्यावर प्लग लावून हेड उलटे ठेवा, कंबश्चन चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि पोर्टमध्ये ओल येते का ते पाहा. ओल दिसली तर हेड मशीन शॉपच्या काउंटरवरूनच परत द्या.