बेसिनवरच्या आरशात अप्पांचं बीपी आणि शुगर: काय दाखवावं, काय नको?

पॅनेलवाली_नाशिक:

नमस्कार मंडळी. आमच्या जेवायच्या खोलीला लागून पॅसेज आहे आणि तिथेच हात धुवायचं बेसिन. वरचा आरसा पार डागाळलाय, तो काढून तिथे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा स्मार्ट आरसा (मागे मॉनिटर, पुढे काच) लावायचाय. पाय-४ आणि २२ इंची मॉनिटर घरात पडून आहेत. मॅजिक मिरर हे स्मार्ट आरशाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून टेबलावर चालवून पाहिलं; घड्याळ, कॅलेंडर, हवामान नीट दिसतं. मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं काम करते, त्यामुळे वायरिंग जमेल. पायथन थोडंफार येतं, जावास्क्रिप्टशी ओळख जेमतेम.

हे सगळं अप्पांसाठी चाललंय. वय ७६, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. रोज दाढीच्या आधी बीपी मोजतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत लिहितात, दुधाच्या हिशेबाशेजारी. शुगर आठवड्यातून दोनदा मोजतात. डॉक्टरांकडे जायचं झालं की आई ते कॅलेंडरच पिशवीत घालते. मोबाइलचं ॲप दाखवून झालं. अक्षरं बारीक, तीही इंग्रजी, आणि एक आकडा बघायला चार ठिकाणी बोट लावायचं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते सोडलं, आणि मला ते पटलं. आरशासमोर मात्र ते रोज सकाळी उभे राहतातच.

मला मोठे देवनागरी आकडे हवेत आणि मराठी वाक्य हवं. यंत्रं दोन्ही ब्लूटूथवाली आहेत. ती माहिती कुठल्याही कंपनीच्या क्लाउडवर न पाठवता थेट पायवर आणता येते का? बीपीचं यंत्र आई-अप्पांचं एकच आहे, मग कोणाचा आकडा कुठला हे कसं कळणार? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे जेवण झालं की पाहुणे याच बेसिनवर हात धुवायला येतात. अप्पांची शुगर सोयऱ्याधायऱ्यांनी वाचावी हे मला अजिबात नको आहे.

---

तार_आणि_टाका:

ताई, क्लाउडशिवाय नक्की जमतं, आणि तुम्ही त्याचाच हट्ट धरलात ते बरं केलंत. ब्लूटूथमध्ये या यंत्रांसाठी ठरलेल्या प्रमाण सेवा आहेत: ग्लुकोमीटरची क्रमांक १८०८, बीपीची १८१०. तुमची यंत्रं त्या पाळत असतील तर पायथनच्या ब्लीक लायब्ररीने सरळ वाचता येतात. ॲक्यु-चेक इन्स्टंटसारखं मीटर पाळतं. काही बीपी यंत्रांची बोलायची पद्धत मात्र कंपनीची स्वतःची असते. म्हणून आधी मोबाइलवर एनआरएफ कनेक्ट हे ॲप टाकून यंत्र कोणत्या सेवा दाखवतंय ते बघा, मगच कोड लिहायला बसा.

ग्लुकोमीटर आधी पायशी पेअर करावं लागतं. त्यात नोंदी क्रमांकानं साठलेल्या असतात आणि ‘अमुक क्रमांकानंतरच्या दे’ असं मागता येतं. प्रत्येक नोंदीला वेळ असते, पण ती मीटरच्या घड्याळाची. सेल बदलल्यावर ते घड्याळ मागे गेलेलं असू शकतं, तेवढं तपासा. बीपीच्या नोंदीत वेळ आणि वापरणाऱ्याचा क्रमांक या दोन्ही गोष्टी ऐच्छिक आहेत. तुमच्या यंत्रावर ‘वापरकर्ता १/२’ असं बटण असेल तर तो क्रमांक नोंदीसोबत येतोय का ते बघा. येत असेल तर आईंचा प्रश्न तिथेच सुटला. येत नसेल तर मी दुसरं यंत्र घेईन. कोणाचा आकडा याचा अंदाज कोडनं करू नये, औषधं त्यावर ठरतात.

दाखवण्यासाठी सुरुवातीला नवीन मॉड्यूल (आरशावरचा एकेक भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) लिहूच नका. मॅजिक मिररमध्ये ‘कॉम्प्लिमेंट्स’ नावाचं मॉड्यूल मुळातच येतं, सकाळ-दुपार-संध्याकाळ वेगवेगळी वाक्यं दाखवणारं. त्याला वाक्यं बाहेरच्या जेसन फाइलमधून (साध्या मजकुराची फाइल) वाचायला सांगता येतं, आणि नव्या आवृत्त्यांत ती फाइल ठरावीक वेळाने पुन्हा वाचायचीही सोय आहे. तुमच्या पायथननं त्या फाइलच्या ‘सकाळ’ भागात एक वाक्य लिहायचं, बस.

अक्षरांचं म्हणाल तर मॅजिक मिररसोबत येणाऱ्या रोबोटो फाँटात देवनागरी नाही. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्ता’ फाँट मोफत मिळतो, तो पायवर टाका आणि कस्टम सीएसएसच्या (दिसण्याच्या सेटिंगच्या) फाइलीत त्याचं नाव द्या. मुक्तातले ५ आणि ६ लांबूनही वेगळे ओळखू येतात, वयस्कर डोळ्यांना ते महत्त्वाचं. अप्पांच्या आकड्याला जाड वजन द्या, बाकी सगळं पातळ राहू दे.

आणखी एक. कॉन्फिग फाइलमधला पत्ता ‘लोकलहोस्ट’च ठेवा, म्हणजे आरसा फक्त त्या पायवरूनच उघडतो. लॅपटॉपवरून बघता यावं म्हणून तो सगळ्या नेटवर्कला उघडला आणि परवानगीची यादी रिकामी ठेवली, तर तुमच्या वायफायवर आलेला कोणीही पाहुणा ब्राउझरमध्ये तोच आरसा उघडू शकतो.

---

मिरज_ओपीडी:

मी फिजिशियन आहे, कोडमधलं मला कळत नाही. पण कृपा करून आजचा एकटा आकडा आरशावर मोठा करून लावू नका.

घरी बीपी मोजण्याची युरोपियन हायपरटेन्शन सोसायटीची पद्धत अशी: सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर गेली तर ते वाढलेलं बीपी. अप्पांचं लक्ष्य किती ते मात्र त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, या वयात ते माणसागणिक बदलतं. एखाद्या सकाळी १५२ आला, तो डोळ्यासमोर राहिला, की माणूस घाबरतो, पुन्हा मोजतो, तो आणखी चढतो, मग पुन्हा मोजतो. ओपीडीत असे लोक मला भेटतात, कागदभर आकडे घेऊन येतात आणि रात्रभर झोपलेले नसतात. आरशावर सात दिवसांची सरासरी असू दे. लाल रंग नको.

मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, अर्ध्या तासात चहा नाही. आरशाला सकाळी काही सांगायचंच असेल तर हे सांगू दे. चुकीच्या पद्धतीनं घेतलेल्या आकड्याची सरासरीही चुकीचीच येते.

शुगरच्या आकड्याशेजारी तो कधीचा हे आकड्याइतकंच ठळक हवं. आठवड्यातून दोनदाच मोजतात म्हणजे आरशावर बऱ्याचदा परवाची शुगर असणार. अप्पांना घाम फुटलाय, हात थरथरताहेत आणि समोर आरसा १३८ म्हणतोय, तर घरचे निर्धास्त राहतील. तसं वाटलं की आरशाकडे न बघता मीटर काढायचं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. औषधांत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी असेल तर हे घरात सगळ्यांना ठाऊक असलं पाहिजे.

---

सेन्सरचा_बाप:

माझ्या मुलीला टाइप १ डायबेटिस आहे. तिच्या दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर असतो, आकडा नाइटस्काउटवर येतो आणि तिथून आरशावर. नाइटस्काउट हे टाइप १ मुलांच्या पालकांनी सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर, कंपन्यांची वाट न बघता २०१३ च्या सुमाराला उभं केलेलं. डॉक्टरसाहेब म्हणतात ते त्यात मुळापासून आहे: आकड्याबरोबर ‘किती मिनिटांपूर्वीचा’ हे असतं, आणि माहिती शिळी झाली की आकड्यावर काट मारलेली दिसते. ताई, तुमच्या वाक्यातही तसं करा. ठराविक दिवस उलटले की आकडा काढूनच टाका आणि ‘शुगर मोजायची आहे’ एवढंच राहू द्या.

पाहुण्यांबद्दल म्हणाल तर आमच्याकडे आरसा आधी हॉलमध्ये होता. मुलगी चौदाची झाल्यावर तिनं सांगितलं की मैत्रिणी आल्या की पहिली नजर तिथे जाते. आम्ही तो तिच्या खोलीत नेला. आकडा तिचा आहे, कुठे दिसावा हे तिनंच सांगायचं. तुम्ही अप्पांना विचारलंय का? तुमच्या प्रश्नात तुम्हाला काय हवं ते आहे, त्यांना काय हवं ते वाचायला मिळालं नाही.

---

पॅनेलवाली_नाशिक:

सगळ्यांचे मनापासून आभार. सेन्सरचा_बाप, तुमचं वाचून संध्याकाळी अप्पांजवळ बसले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मला रोजचा आकडा नको, तो मी मोजतोच की. मागच्या महिन्यापेक्षा बरं आहे का ते सांग.” हे मला सुचलंच नसतं. म्हणजे एकच वाक्य: या आठवड्याची सरासरी, आणि शेजारी मागच्या महिन्याची. शुगर आरशावर नकोच म्हणाले, ती ते आणि डॉक्टर बघून घेतील. आईला तिचं काहीच नको, तिला फक्त गोळ्यांची वेळ हवी आहे.

पाहुण्यांसाठी त्यांनीच तोड काढली: आकडा बटण दाबल्यावरच दिसावा. पॅनेलला वापरतो ते २२ मिमीचं हिरवं पुश बटण फ्रेमच्या उजव्या बाजूला लावणार आहे. दाबलं की वीस सेकंद वाक्य, मग पुन्हा नुसतं घड्याळ. याला स्वतःचं मॉड्यूल लागेल ना?

वीज कशी घेतेय तेही लिहिते, कोणी बेसिनवर करणार असेल तर उपयोगी पडेल. अडॅप्टर बाहेर असलेलाच मॉनिटर घ्या. माझ्याकडचा १२ व्होल्टचा आहे, त्यामुळे आरशामागे २३० व्होल्ट येतच नाहीत. दोन्ही अडॅप्टर पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागे (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). फ्रेमला खाली आणि वर हवा जायला फटी.

---

तार_आणि_टाका:

हो, बटणासाठी छोटं मॉड्यूल लागेल, पण पन्नास ओळींच्या आत होईल. रास्पबेरी पायच्या कॉन्फिगमध्ये ‘जीपीआयओ-की’ नावाचा ओव्हरले (तयार जोड-सेटिंग) आहे. तो लावला की तुमचं बटण पायला कीबोर्डची एक कळ वाटतं. मॉड्यूलनं ती कळ दाबल्याचं ऐकायचं, स्वतःला दाखवायचं, वीस सेकंदांनी लपवायचं. सरासरी पायथनमध्येच काढा, मॉड्यूलकडे फक्त तयार वाक्य जाऊ दे. उद्या नमुना टाकतो, तुम्ही फक्त कळ आणि फाइलचं नाव बदला.

माणूस समोर आल्यावर स्क्रीन लागावी म्हणून पीआयआर सेन्सर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) लावायचा विचार असेल तर तो काचेमागे चालत नाही, शरीराची उष्णता काच अडवते. फ्रेमला भोक पाडून त्याचा पांढरा घुमट बाहेर काढावा लागेल. आणि काच घेताना दुकानातून टू-वे मिररचा (पुढून आरसा, पण मागचा उजेड आरपार दिसू देणाऱ्या काचेचा) तळहाताएवढा तुकडा मागून आणा. मॉनिटरवर काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर लावून, पॅसेजचा दिवा चालू ठेवून त्यातून बघा. साध्या काचेवर फिल्म चिकटवलेली देत असतील तर घेऊ नका, बेसिनच्या ओलाव्यानं ती कडेनं सुटते.