सैनिकांचा रेडिओ: जवानांचा विरंगुळा की सरकारी प्रचार?

चाटी गल्लीकर
रविवारी आमच्या कट्ट्यावर एकाने ठासून सांगितलं की परमुलखात लढणाऱ्या सैनिकांसाठी काढलेली रेडिओ केंद्रं म्हणजे निव्वळ प्रचार. मला हे अजिबात पटलेलं नाही.

बीबीसीने जानेवारी १९४० मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटिश फौजेसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. तिथे थंडीत नुसतं बसून राहिलेल्या पोरांना भाषणं नको होती, नाचगाणी हवी होती. ती इतकी रंगली की घरचे लोकही तेच केंद्र लावू लागले आणि १९४५ मध्ये त्यातूनच बीबीसीचं लाइट प्रोग्राम हे करमणुकीचं केंद्र उभं राहिलं. अमेरिकेने मे १९४२ मध्ये स्वतःची सैनिकी रेडिओ सेवा काढली. गाजलेल्या कार्यक्रमांतल्या जाहिराती काढून ते तबकड्यांवर भरायचे आणि दूरदूरच्या तळांवर पाठवायचे.

आणि आपलं रेडिओ सिलोन? त्याच्या मुळाशी माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचं रेडिओ सीॲक आहे, फौजांसाठीच काढलेलं. कोलंबोजवळच्या एकला गावातलं १०० किलोवॅटचं शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर त्याचंच. १९४९ मध्ये ते सिलोन सरकारकडे आलं. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने फिल्मी गाण्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा बुधवारी रात्री बिनाका गीतमालेसाठी सगळं सोलापूर सिलोन लावून बसायचं. निव्वळ प्रचार असता तर लढाई संपल्यावर त्या केंद्राला कोण विचारणार होतं?

पूर्वभागवाला
ट्रान्समीटर पुढे कामाला आलं म्हणून ते ज्यासाठी बसवलं तो हेतू चांगला ठरत नाही.

आपल्या माणसांचं बघा. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. बीबीसीची हिंदुस्थानी सेवा मे १९४० मध्ये सुरू झाली, म्हणजे ऐन युद्धात. १९४२ मध्ये जर्मनीतून नेताजींचा आझाद हिंद रेडिओ बोलू लागला. दोन्हीकडून ओढाताण चालली होती ती याच माणसाच्या निष्ठेसाठी. ज्या सरकारने १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि जानेवारी १९३१ मध्ये आपल्या चौघा हुतात्म्यांना फाशी दिलं, ते दहा वर्षांत भारतीय जवानाच्या करमणुकीची काळजी करू लागलं, हे मी मानणार नाही.

अमेरिकेचंही तेच. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, जानेवारी १९७० मध्ये, सायगॉनच्या अमेरिकी लष्करी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या जवानाने थेट प्रक्षेपणात सांगितलं की आम्हाला खरं सांगू देत नाहीत. त्याला लगेच त्या कामावरून काढलं. बटण वरिष्ठांच्या हातात असतं, बाकी सगळं नंतर.

निवृत्त सिग्नलवाला
दादा, बटण वरिष्ठांच्या हातात असतं हे खरं. पण ट्रान्झिस्टरची खुंटी जवानाच्या हातात असते, ते विसरू नका.

१९८८ साली मी श्रीलंकेत, भारताच्या शांतिसेनेबरोबर जाफन्याच्या बाजूला होतो. सेल मिळायचे नाहीत. संपलेले सेल दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवायचे, संध्याकाळी परत घालायचे, की अर्धा-पाऊण तास चालायचे. एरियलला तांब्याची तार बांधून ती ताडावर फेकायची. गाण्यांसाठी विविध भारती नाहीतर सिलोन, बातम्यांसाठी बीबीसी हिंदी. काय कुठे ऐकायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

१९४१ मध्ये जर्मनांनी बेलग्रेडच्या त्यांच्या लष्करी केंद्रावरून रोज रात्री एक विरहगीत लावायला सुरुवात केली. उत्तर आफ्रिकेतले ब्रिटिश सैनिकही ते ऐकायचे. गाणं शत्रूचं आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तरीही त्यांच्यातला एकही त्या गाण्यापायी हिटलरचा झाला नाही.

पूर्वभागवाला
सुभेदारसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण बातम्यांसाठी तुम्हाला लंडन लावावं लागलं, माझा मुद्दा हाच आहे. आपलीच फौज, आपलाच देश, तरी तुम्ही कुठे आहात नि तिथे काय चाललंय हे परक्या केंद्राकडून कळावं?

होटगी रोड
घरच्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. वडील फौजेत होते. पत्रावर गावाचं नाव नसायचं, फक्त ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता. ते कुठे आहेत हे आईला माहीत नसायचं. संध्याकाळी विविध भारतीवर जवानांच्या फर्माईशींचा जयमाला कार्यक्रम लागला की ती भाकरीचा तवा उतरवून ठेवायची, कारण फर्माईश करणाऱ्या जवानांची नावं भराभर वाचली जायची. नाव कधीच आलं नाही. पण ते पण हेच ऐकत असतील, एवढं ती म्हणायची. याला प्रचार म्हणू नका, प्लीज.

चाटी गल्लीकर
पूर्वभागवाले, बातम्या दाबल्या जात होत्या, त्यावर माझा वाद नाही. तो राग बातम्या दाबणाऱ्यांवर काढा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण गाण्यांचे, फर्माईशींचे ते तास त्यातच जमा करू नका. ते जवानांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मागून घेतलेले होते.