देवराईतल्या पाटीवरचा क्यूआर कोड पानावरच्या नेमक्या झाडापाशी कसा उघडावा?

रानवाट
सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या राईत ३७ झाडांसमोर पाट्या लावायच्या आहेत. सगळ्या झाडांची माहिती मी वर्डप्रेसवर एकाच लांब पानावर लिहिली आहे, राईतली वाट जाते त्याच क्रमाने. मुलं मागची-पुढची झाडंही वाचत बसतात, म्हणून वेगळी पानं नको होती. प्रत्येक हेडिंगला झाडाचं मराठी नावच अँकर म्हणून, म्हणजे पानातल्या त्या जागेची खूण म्हणून दिलं, पानाच्या पत्त्यापुढे हॅशचं चिन्ह आणि ते नाव जोडलं आणि कोड बनवले.

माझ्या फोनवर सगळं बरोबर चाललं. परवा भाचा आयफोन घेऊन आला. काजऱ्यासमोर उभं राहून त्याने कोड स्कॅन केला. पान काजऱ्यावरच उघडलं, पण राईत रेंज एखाद-दुसरीच दांडी. फोटो सावकाश येत गेले, मजकूर खाली सरकत गेला आणि स्क्रीनवर आलं आधीचं झाड, रातांबा. काजऱ्याच्या झाडाखाली उभं राहून आम्ही वाचत होतो, ‘पिकलेलं फळ खातात, सालींची सोलं करतात.’ काजऱ्याच्या बिया विषारी. फळ पिकलं की छान नारिंगी दिसतं, मुलांचा हात जाणारच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिवाय काही कोड इतक्या बारीक चौकटींचे झालेत की फोन दोन-तीनदा पुढे-मागे करावा लागतो. पाट्या छापायला टाकायच्या आधी विचारते: पान हवं तिथेच उघडेल याची खात्री कशी करायची?

कळफलक
ताई, तुमची पद्धत बरोबर आहे, बिघाड फोटोंत आहे. फोटोची रुंदी-उंची लिहिलेली नसेल तर ब्राउझर त्याच्यासाठी जागा राखून ठेवत नाही. आधी उडी मारून काजऱ्यापाशी पोचतो, मग वरचे फोटो येतात आणि सगळं खाली ढकलतात. काही ब्राउझर हे सरकणं सावरून घेतात, काही घेत नाहीत. म्हणून तुमच्या फोनवर दिसलं नाही. फोटो बाहेरची लिंक चिकटवून घातले असतील तर मीडिया लायब्ररीत चढवून पुन्हा घाला. मग वर्डप्रेस मापं स्वतःच लिहितं.

कोड बारीक होण्याचं कारण मराठी नाव. ‘सुरंगी’त काना-मात्रा-अनुस्वार धरून ६ चिन्हं. पत्त्यात जाताना प्रत्येक चिन्हाची ९ अक्षरं होतात, म्हणजे ५४. तुमच्या पानाचा पत्ता ३० अक्षरांचा धरला तर हॅश धरून ८५ झाली. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (काही भाग झाकला तरी कोड वाचता यावा म्हणून किती जादा माहिती भरायची, ती पातळी) हा कोड ४१ बाय ४१ चौकटींचा होतो. त्याऐवजी झाडाला क्रमांक द्या, इंग्रजी टी आणि दोन आकडे. मग एकूण ३४ अक्षरं आणि कोड २९ बाय २९. ४ सेंटीमीटरच्या छपाईत एक चौकट जेमतेम १ मिलिमीटरची होती, ती जवळपास १.४ ची होते.

हेडिंगच्या ब्लॉकवर टिचकी मारली की उजवीकडे ‘ॲडव्हान्स्ड’खाली एचटीएमएल अँकरची चौकट आहे, तिथे हा क्रमांक घाला. टी लहान लिपीत लिहिली तर कोडमध्येही लहानच हवी. नंतर हेडिंगचे शब्द कितीही बदला, अँकर तोच राहिला की पाटी चालत राहते.

रानवाट
फोटो खरंच बाहेरून चिकटवलेले होते. दहा झाडांचे आज नीट केले, सरकणं थांबलं. पण आता हेडिंगच वरच्या पट्टीखाली लपतंय.

कळफलक
ती पट्टी चिकटून राहणारी आहे, म्हणून. थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडमध्ये, स्क्रोल-पॅडिंग-टॉप हा गुणधर्म पट्टीच्या उंचीपेक्षा थोडा जास्त ठेवा.

पाटीवाला
मी पाट्या छापतो, माझ्या अनुभवाचं सांगतो. उघड्यावरच्या पाटीला दुरुस्ती-पातळी सर्वांत वरची, ‘एच’ घ्या. कोडचा साधारण ३० टक्के भाग शेवाळ, चिखल, पक्ष्यांच्या विष्ठेने झाकला तरी वाचता येतो. ३४ अक्षरांना त्यासाठी ३३ बाय ३३ चौकटी लागतील, इतकं चालतं. चारही बाजूंना ४ चौकटींइतकी कोरी जागा सोडा. डिझाइन करणारे तिथे हमखास नक्षी घालतात. पांढऱ्यावर काळाच छापा. लॅमिनेशन मिरगातच सुटायला लागतं, एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला तक्ता) छापून घ्या. आणि झाडाला खिळा ठोकू नका, चिऱ्याच्या खांबावर बसवा.

दुसरं, मी तुमच्या जागी असतो तर काजऱ्याला एकट्याला स्वतंत्र पान दिलं असतं. जिथे चुकीची माहिती दिसली तर जिवावर बेतेल, तिथे अँकरवर विसंबू नये. त्याहीआधी इशारा पाटीवर अक्षरांत लिहा. सगळ्यांकडे फोन नसतो.

रानवाट
हे मला मनापासून पटलं. काजऱ्याचं पान वेगळं केलं. पाटीवर कोडच्या वर, कोडपेक्षा मोठ्या लाल अक्षरांत ‘विषारी. फळ तोडू नका, तोंडात घालू नका’ असं येईल. बाकी ३६ झाडं एकाच पानावर, क्रमांकांच्या अँकरवर. आज साध्या कागदावर छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून राईत फिरवले. चार वेगवेगळे फोन, त्यात भाच्याचाही होता. प्रत्येक कोडवर पान उघडल्यावर सगळे फोटो येईपर्यंत थांबलो, मगच वहीत खूण केली. सुरंगीपाशी सुरंगीच आली. एका बेहड्याचा अँकर मी चुकून हिरड्याला दिला होता, तो तिथेच सापडला.

एक विचारायचं राहिलं. कुठल्या झाडाचा कोड किती वेळा स्कॅन झाला, ते कळेल का?

कळफलक
हॅशपुढचा भाग सर्व्हरपर्यंत जातच नाही, ब्राउझर स्वतःकडे ठेवतो. मोजायचंच असेल तर हॅशच्या आधी प्रश्नचिन्ह आणि झाडाचा क्रमांक घाला. क्रम उलटा झाला तर उडी चुकेल. पण त्याने कोड पुन्हा थोडा दाट होईल.

रानवाट
मग नको. कोड मोठ्या चौकटींचाच राहू दे.